ग्रीन डेचं पहिलं रेकॉर्डिंग: '३९/स्मूद' आणि त्याच्या आगेमागचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२५ मध्ये लोलापलूझा इंडिया या संगीत महोत्सवासाठी ग्रीन डे हा अमेरिकन पंक-रॉक बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना या बँडची अगदी सुरुवातीची गाणी शोधावीशी वाटू लागली आहेत. शोधायला गेलं की मात्र गोंधळ होतो. एकच गाणं दोन-तीन वेगवेगळ्या नावांखाली सापडतं, ड्रमर ओळखीचा नसतो, बँडचं नावही कुठेकुठे वेगळं दिसतं. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. '३९/स्मूद' या पहिल्या अल्बमकडे पुढे गाजलेल्या 'डुकी' अल्बमची रंगीत तालीम म्हणून पाहिलं जातं, ते मला पटत नाही. सतरा वर्षांच्या दोन मुलांना जे सांगायचं होतं ते इथे पूर्ण सांगून झालं आहे. पुढे पैसा आला, मोठा स्टुडिओ आला, पण चाल बांधण्याची हातोटी आधीपासूनच होती. खालच्या उत्तरांत हे मत डोकावत राहील.

ग्रीन डेचा पहिला अल्बम 'डुकी' नाही का?

नाही. १ फेब्रुवारी १९९४ ला आलेला 'डुकी' हा त्यांचा तिसरा अल्बम. मोठ्या कंपनीकडून, म्हणजे रीप्राइज रेकॉर्ड्सकडून आलेला तो पहिला, म्हणून हा गैरसमज पसरला आहे. पहिला '३९/स्मूद', एप्रिल १९९० चा. दुसरा 'कर्प्लंक', १९९१ च्या अखेरीचा. हे दोन्ही कॅलिफोर्नियातल्या लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने काढले.

मग '१,००० अवर्स' काय, 'स्लॅपी' काय, आणि '१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी अवर्स' हे काय प्रकरण आहे?

क्रमाने घेऊ. १९८९ मध्ये '१,००० अवर्स' आला. हा ईपी, म्हणजे सात इंची छोटी तबकडी, त्यावर चार गाणी. बँडचं पहिलं प्रकाशित रेकॉर्डिंग म्हणायचं तर हेच. मग १९९० च्या एप्रिलमध्ये दहा गाण्यांचा '३९/स्मूद' आला. त्याच वर्षी 'स्लॅपी' नावाचा आणखी एक चार गाण्यांचा ईपी निघाला.

१९९१ मध्ये लुकआउटने हे तिन्ही एकत्र करून सीडी आणि कॅसेटवर काढलं, आणि तिन्ही नावंही एकमेकांत गुंफली. त्यातून ते लांबलचक नाव तयार झालं. दहा, चार आणि चार मिळून अठरा, शिवाय आधी एका संकलनासाठी दिलेलं 'आय वॉन्ट टू बी अलोन', अशी एकूण एकोणीस गाणी. आज तुमच्या मोबाइलवर पहिला अल्बम म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा हे एकत्रित रूप असतं. त्यातली पहिली दहा गाणी म्हणजे मूळ '३९/स्मूद'.

याच्या बाजूला 'स्वीट चिल्ड्रन', म्हणजे बँडचंच जुनं नाव, असाही एक ईपी आहे. तो १९९० मध्ये मिनियापोलिसच्या स्कीन या लेबलने काढला. त्यातली गाणी बँडच्या जुन्या दिवसांतली, पण रेकॉर्ड झाली '३९/स्मूद'नंतर. ती पुढे 'कर्प्लंक'च्या सीडीला जोडली गेली. त्यामुळे नाव जुनं असलं तरी पहिलं रेकॉर्डिंग ते नव्हे.

ही मुलं होती कोण? वयं काय होती?

गिटार वाजवणारा आणि गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग आणि बास वाजवणारा माइक डर्न्ट, दोघेही १९७२ चे. बिली जो फेब्रुवारीतला, माइक मे महिन्यातला. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या उत्तर-पूर्व कडेला रोडिओ नावाचं तेल शुद्धीकरण कारखान्याचं गाव आहे. बिली जो तिथला. दोघांची गाठ दहाव्या वर्षी शाळेत पडली. त्याच सुमारास, १९८२ च्या सप्टेंबरमध्ये, बिली जोचे वडील कर्करोगाने गेले. ते ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. आई हॉटेलात वेट्रेस होती, आणि या पोरांचा १९८७ मधला पहिला कार्यक्रम ती काम करायची त्याच हॉटेलात झाला.

'३९/स्मूद' रेकॉर्ड झाला तेव्हा दोघेही सतरा वर्षांचे होते. रेकॉर्डिंग होऊन तबकडी बाजारात येईपर्यंतच्या मधल्या काळात बिली जोने अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शाळा सोडली. माइकने मात्र शाळा पुरी केली.

बँडचं नाव आधी 'स्वीट चिल्ड्रन' होतं म्हणतात. बदललं का?

परिसरात 'स्वीट बेबी' नावाचा दुसरा बँड होता आणि लोक दोघांत गल्लत करायचे. 'ग्रीन डे' हे त्यांच्या एका गाण्याचं नाव, गांजा ओढून घालवलेल्या दिवसावरचं. तेच बँडला दिलं. ते गाणं '३९/स्मूद'वर आहे. नाव बदललं ते नेमकं '१,००० अवर्स' बाजारात यायच्या तोंडावर. लेबलचा मालक वैतागला, कारण जी थोडीफार माणसं बँडला ओळखत होती ती जुन्या नावानेच ओळखत होती.

'गिलमन' हा शब्द सारखा वाचनात येतो. ते नेमकं काय?

बर्कली शहरात ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर गोदामासारखी एक जागा आहे. १९८६ च्या ३१ डिसेंबरला तिथे पहिला कार्यक्रम झाला. 'मॅक्सिमम रॉकनरोल' या पंक मासिकाचे टिम योहानन आणि त्यांच्या आजूबाजूच्या माणसांनी ती उभी केली. दारावर तिकीट फाडण्यापासून झाडू मारण्यापर्यंत सगळं काम स्वयंसेवक करायचे. नियम भिंतीवर लिहिलेले: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलैंगिकांचा द्वेष खपवून घेतला जाणार नाही.

दारू नसल्यामुळे वयाची अट नव्हती, आणि ही बाब आपल्याला वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. अमेरिकेत बँड वाजतात ते सहसा बारमध्ये, आणि दारू प्यायचं वय तिथे एकवीस. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला आत पाऊलही टाकता येत नाही, स्टेजवर चढणं तर दूरच. गिलमनमध्ये ऐकणारे आणि वाजवणारे एकाच वयाचे होते. आज समोर उभा राहून ऐकणारा पुढच्या महिन्यात आपला बँड घेऊन तिथेच वाजवायचा. ऑपरेशन आयव्ही, क्रिम्पश्राइन, आयसॉक्रसी हे बँड याच जागेतून वर आले. बिली जो आणि माइक यांना संगीताची शाळा म्हणावी अशी जी काही मिळाली ती इथे.

२८ मे १९८९ ला ऑपरेशन आयव्हीचा निरोपाचा कार्यक्रम गिलमनमध्ये झाला, त्या रात्री आपल्या पोरांनीही वाजवलं.

लुकआउट रेकॉर्ड्सने त्यांना कसं शोधलं?

लुकआउट सुरू केली लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांनी, १९८७ मध्ये. लिव्हरमोर तेव्हा मेंडोसिनो परगण्यात डोंगरात राहायचे आणि 'द लुकआउट्स' नावाचा बँड चालवायचे. त्या बँडचा ड्रमर म्हणजे शेजारचा बारा वर्षांचा पोरगा. तोच पुढे ग्रीन डेचा ड्रमर ट्रे कूल म्हणून जगाला माहीत झाला.

१९८८ मध्ये स्वीट चिल्ड्रन लिव्हरमोर यांच्या डोंगरातल्या एका पार्टीत वाजवायला गेले. घरात वीज नव्हती. जनरेटर लावला आणि उजेडाला मेणबत्त्या पेटवल्या. ऐकायला जेमतेम पाच पोरं. लिव्हरमोर यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की, ही मुलं त्या पाच जणांसमोर अशी वाजवत होती जणू बीटल्स न्यूयॉर्कच्या भल्यामोठ्या शे स्टेडियममध्ये वाजवत आहेत. तबकडी काढायची हे त्यांनी तिथेच ठरवलं.

या कहाणीत माझ्या मते खरा आधार होता तो ड्रमर जॉन किफमायरचा. तो आयसॉक्रसीत वाजवायचा, आणि १९८८ च्या सुरुवातीला लुकआउटने काढलेल्या पहिल्या चार सात इंची तबकड्यांपैकी एक आयसॉक्रसीची होती. म्हणजे या दोन अनोळखी पोरांना गिलमनच्या वर्तुळात आणि लुकआउटच्या दारात आणून उभं करणारा माणूस तो. वयाने या दोघांपेक्षा मोठा, कार्यक्रम कसा ठरवायचा, फोन कुणाला करायचा, हे सगळं त्याला माहीत. बँडच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एक-दोन ओळी येतात, हे मला नेहमी खटकतं.

म्हणजे या अल्बमवर ट्रे कूल वाजवत नाही?

नाही. '१,००० अवर्स', '३९/स्मूद' आणि 'स्लॅपी' या तिन्हींवर किफमायरच आहे. तबकडीवर त्याचं नाव 'अल सोब्रान्टे' असं दिसतं. तो एल सोब्रान्टे गावचा, त्यावरून घेतलेलं हे टोपणनाव. १९९० मध्ये तो आर्केटाला हम्बोल्ट स्टेट विद्यापीठात शिकायला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस ट्रे कूल आला.

दोघांच्या वाजवण्यात फरक आहे. ट्रे कूल गाण्याच्या मधल्या जागा भरून काढतो, धक्के देतो, गाणं पुढे ढकलतो. किफमायर सरळ ठेका धरतो आणि गाण्याला आपल्या चालीने जाऊ देतो. काहींना ते साधं वाटतं. मला '३९/स्मूद'साठी तेच योग्य वाटतं, कारण तिथे कान सुरावर राहायला हवा.

रेकॉर्डिंग कुठे झालं आणि किती पैसे लागले?

सॅन फ्रान्सिस्कोत आर्ट ऑफ इअर्स नावाच्या स्टुडिओत, अँडी अर्न्स्ट यांच्याकडे. २९ डिसेंबर १९८९ ते २ जानेवारी १९९०, म्हणजे शाळेच्या नाताळच्या सुट्टीत. खर्च आला ६७५ डॉलर. तेव्हाच्या दराने हिशेब केला तर साधारण साडेअकरा हजार रुपये.

हा आकडा किती लहान आहे ते कळायला एक तुलना पुरेल. १९७६ मधला रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा पहिला अल्बम अगदी स्वस्तात झाला म्हणून त्याचं आजही कौतुक होतं, आणि त्याला सुमारे ६,४०० डॉलर लागले होते. हा त्याच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात झाला, तोही चौदा वर्षांनी, महागाई वाढलेली असताना.

एवढ्या पैशांत स्टुडिओ मिळतो तो तासांच्या हिशेबाने. गाणं स्टुडिओत बसून बसवायला वेळच नसतो, ते पाठच असावं लागतं. गिटार, बास आणि ड्रम एका दमात वाजवून टेपवर घ्यायचे, वरून गाणं म्हणायचं, जमलं तर आणखी एक गिटार चढवायची, आणि पुढचं गाणं. चूक झाली आणि ती फार बोचत नसेल तर राहू द्यायची. ही पोरं गिलमनमध्ये आणि कुणाकुणाच्या घरी महिनोन् महिने तीच गाणी वाजवत आली होती, म्हणूनच दहा गाणी अशी पाच दिवसांच्या आत उरकली. अर्न्स्ट यांनी फार ढवळाढवळ न करता जे वाजत होतं ते नीट टेपवर घेतलं. पुढे एएफआयसारख्या बँडनीही त्यांच्याकडे रेकॉर्डिंग केलं.

आवाज इतका पातळ का वाटतो? माझ्या हेडफोनचा दोष आहे का?

हेडफोन ठीक आहेत. 'डुकी' बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, निर्माता रॉब कॅव्हॅलो यांच्यासोबत, हवा तेवढा वेळ घेऊन झाला. तिथे गिटारचे थर एकावर एक चढवले आहेत आणि ड्रम छातीत वाजतात. '३९/स्मूद'मध्ये गिटार जणू एकाच खोलीत एकाच कोपऱ्यातून येते, ड्रमचा आवाज कमी खोल आहे, आणि गाणाऱ्याचा आवाज थोडा मागे आहे.

'डुकी' ऐकून लगेच हा लावलात तर पडल्यासारखं वाटेल, हे खरं. म्हणून थोडा आवाज वाढवा आणि बासकडे लक्ष द्या. माइकची बास इथे नुसती गिटारच्या सावलीत चालत नाही. ती मधूनच वर चढते, स्वतःची वेगळी सुरावट धरते आणि कडव्याच्या तोंडाशी परत खाली येते. गिटार जाड असती तर हे सगळं तिच्याखाली दबून गेलं असतं. आवाज पातळ आहे म्हणून बास मोकळी ऐकू येते, आणि मला या अल्बमकडे पुन्हा पुन्हा नेणारी गोष्ट ती आहे.

दुसरी ऐकण्याची जागा म्हणजे गिटारचे सोलो, गाण्यामधले एकट्या गिटारचे तुकडे. पंकमध्ये सोलो म्हणजे दिखावा, अशी एक समजूत होती. बिली जो लहानपणी हार्ड रॉक ऐकत वाढला होता आणि ते इथे लपत नाही. पुढच्या अल्बममध्ये सोलो कमी होत गेले. इथे ते निःसंकोच आहेत, आणि चालीला धरून आहेत.

बिली जो कुठली गिटार वाजवायचा?

'ब्लू' नावाची निळी फर्नांडिस, स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची. लहानपणी मिळालेली. तारा टेकतात त्या पुलाजवळ हंबकर, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा जाड आवाजाचा पिकअप, आणि अंगभर स्टिकर. 'डुकी'च्या काळातल्या व्हिडिओंमध्ये दिसते ती हीच.

गाणी कशाबद्दल आहेत? इंग्रजी पटकन कळत नाही.

जवळजवळ सगळी मुलींबद्दल आणि एकटेपणाबद्दल आहेत. यात कमीपणा काहीच नाही, आणि त्या जागी, त्या काळी हे धाडसाचंही होतं. गिलमनच्या वर्तुळात युद्ध, रेगन, पोलीस, शाकाहार यांवर गाणी होत होती. तिथे उभं राहून 'ती माझ्याकडे बघत नाही' हे गायला छाती लागते.

पहिलंच गाणं घ्या, 'ॲट द लायब्ररी'. मुलगा वाचनालयात बसला आहे. समोर एक मुलगी. नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाते. उठावं, बोलावं, असं मनात येतं आणि पाय उचलत नाही. शेवटी ती आपल्या मित्राबरोबर निघून जाते. अडीच मिनिटांत एवढंच घडतं. पण चाल इतकी वेगात आणि आनंदात पळत असते की शब्दांतला पराभव दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात कळतो. उदास शब्दांना उड्या मारणारी चाल द्यायची, हे बिली जोचं सगळ्यात मोठं कौशल्य पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातच तयार आहे.

'गोइंग टू पासालाक्वा' हे माझ्या मते या अल्बमचं शिखर. पासालाक्वा हे बेनिशिया गावातल्या अंत्यविधी करणाऱ्या घराचं नाव, पण गाणं आहे नव्याने प्रेमात पडल्याची धास्ती आणि आनंद यांचं. त्यातलं ध्रुवपद नीट ऐका. बिली जो मूळ चाल म्हणतो आणि माइक त्याच्या जोडीला वरचा सूर लावतो. दोन्ही आवाज तासलेले नाहीत, एखाद्या शब्दावर जरा हलतातही. तरी ते एकमेकांना सोडत नाहीत. लहानपणापासून एकत्र वाजवणाऱ्या दोघांचाच आवाज असा जुळतो. तालीम कितीही केली तरी भाड्याने आणलेल्या गायकांकडून हे होणार नाही.

'१६' मध्ये गाणारा सरून गेलेल्या लहानपणाची आठवण काढून हळहळतो, आणि तो स्वतः तेव्हा जेमतेम सतराचा आहे. मोठ्या माणसांना हे ऐकून हसू येतं. मला येत नाही. त्या वयात लहानपण खरंच फार लांब गेलेलं असतं, आणि ते त्याच वयात लिहिलं तरच खरं उतरतं. 'द जजेस डॉटर' न्यायाधीशाच्या मुलीवर जीव जडलेल्या पोराचं. 'रोड टू ॲक्सेप्टन्स' आपल्याला कुणी आपलं म्हणावं या ओढीचं. 'डिसअपिअरिंग बॉय' कुणाच्या नजरेतच न येणाऱ्या मुलाचं. 'रेस्ट' संथ आहे, बाकीच्या धावपळीत एकदम वेगळं पडतं, आणि अनेकांना ते कंटाळवाणं वाटतं. एकदा रात्री ऐकून पाहा. 'आय वॉज देअर'चे शब्द मात्र किफमायरचे.

याला पॉप-पंक म्हणायचं की नुसतं पंक?

पॉप-पंक. वेगवान ठेका, आवाज मुद्दाम खरखरीत केलेली गिटार आणि त्यावर गुणगुणता येईल अशी गोड चाल, हे मिश्रण ग्रीन डेने शोधलं नाही. रमोन्सकडे ते होतं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी १९७७ च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' ही पहिली तबकडी स्वतःच्या पैशाने काढली, आणि पुढे प्रेमभंगाची एकापेक्षा एक गाणी दिली. कॅलिफोर्नियात डिसेंडेंट्सचा 'माइलो गोज टू कॉलेज' १९८२ चा. '३९/स्मूद' या घराण्यातला आहे. त्याच्यात वेगळं आहे ते सुरांचं वजन: बीटल्सच्या काळच्या दोन आवाजी गाण्याकडे हा अल्बम आधीच्या पंक बँडपेक्षा जास्त झुकतो.

तेव्हा किती चालला?

छोट्या लेबलच्या मानाने बरा, बाहेर कुणाला खबर नाही. माइकची शाळा संपली आणि हे तिघे व्हॅन घेऊन अमेरिका फिरायला निघाले. लोकांच्या तळघरांत वाजवायचं, त्यांच्याच जमिनीवर झोपायचं. त्याच दौऱ्यात मिनियापोलिसला बिली जोला एड्रिएन भेटली. १९९४ मध्ये त्यांचं लग्न झालं, आणि 'कर्प्लंक'चं पहिलं गाणं तिच्यावरचं आहे. 'डुकी' गाजल्यावर लोक मागे वळून जुनं शोधू लागले आणि '१,०३९'चा खप लाखांत गेला.

लुकआउटकडून हे अल्बम नंतर काढून का घेतले?

रॉयल्टी थकल्यामुळे. लुकआउटची पद्धत सुरुवातीला फार साधी होती: खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यातला मोठा वाटा, ६० टक्के, बँडचा. मोठ्या कंपनीत गेल्यावरही ग्रीन डेने पहिले दोन अल्बम लुकआउटकडेच ठेवले. त्यांना ते कधीही हलवता आले असते. या दोन अल्बमच्या खपावर लुकआउट कित्येक वर्षं उभी होती आणि इतर लहान बँडच्या तबकड्या काढत होती. लिव्हरमोर १९९७ मध्ये बाहेर पडले. नंतर पैसे वेळेवर येईनात, आणि ऑगस्ट २००५ मध्ये बँडने हक्क परत घेतले. २००७ मध्ये रीप्राइजने हे अल्बम पुन्हा काढले. २०१२ मध्ये लुकआउट बंद झाली.

या प्रकरणात बँडला कृतघ्न म्हणणारे लोक भेटतात. बँडने कित्येक वर्षं थांबून वाट पाहिली होती, हे या लोकांनी लक्षात घ्यावं.

मोठ्या कंपनीत गेल्यावर गिलमनने त्यांना बंदी केली, हे खरं का?

खरं. मोठ्या कंपनीशी करार असलेल्या बँडने तिथे वाजवायचं नाही, हा नियम सगळ्यांना होता. १९९३ नंतर ग्रीन डेला ते दार बंद झालं. बिली जोला याचा त्रास झाला आणि तो गाण्यांतूनही आला. १७ मे २०१५ ला मात्र ते परत तिथे वाजले. ओकलंडमध्ये एके प्रेस या प्रकाशन संस्थेच्या इमारतीला आग लागली होती, तिच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता.

किफमायर पुन्हा कधी त्यांच्याबरोबर वाजला का?

हो, आणि ही माझी आवडती हकिकत आहे. एप्रिल २०१५ मध्ये ग्रीन डेचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्याच्या दोन दिवस आधी क्लीव्हलंडच्या हाउस ऑफ ब्लूजमध्ये त्यांनी कार्यक्रम केला. सुरुवातीला स्वीट चिल्ड्रन या जुन्या नावाने तिघे स्टेजवर आले, ड्रमवर किफमायर, आणि फक्त त्या काळातली गाणी. हॉल ऑफ फेमने त्याला वगळलं होतं. बँडने त्याला त्याच आठवड्यात, त्याच शहरात स्टेजवर बसवलं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

'गोइंग टू पासालाक्वा', मग 'ॲट द लायब्ररी', मग 'स्लॅपी'मधलं 'पेपर लँटर्न्स'. हे शेवटचं बँड नंतरही अनेक वर्षं कार्यक्रमांत वाजवत आला. ही तीन आवडली तर '३९/स्मूद'ची दहा गाणी क्रमाने, न थांबता ऐका. अर्ध्या तासाचं काम आहे. '१,००० अवर्स'ची चार गाणी सगळ्यात शेवटी. ती जास्त कच्ची आहेत, आणि अल्बम ऐकून झाल्यावर ऐकली की एका वर्षात ही मुलं किती पुढे गेली ते कळतं. '१,०३९' ऐकणार असाल तर अकराव्या गाण्यापासून ईपीची गाणी सुरू होतात, तिथे आवाज बदलला तर गोंधळू नका. तबकडीची हौस असेल त्यांनी रीप्राइजची २००९ ची आवृत्ती शोधावी. त्यात मूळ अल्बम आणि दोन्ही ईपी वेगवेगळ्या तबकड्यांवर, म्हणजे जसे निघाले तसे दिले आहेत.

आमच्या कॉलेजच्या बँडला यातलं एखादं बसवायचंय. कुठलं घ्यावं?

'नॉलेज'. 'स्लॅपी'मधलं शेवटचं गाणं, मूळ ऑपरेशन आयव्हीचं, १९८९ च्या 'एनर्जी' अल्बमवरचं. मोजून काही कॉर्ड्स, एकच ठेका, आणि ध्रुवपद अख्ख्या वर्गाला म्हणता येईल असं. पुढे कित्येक वर्षं ग्रीन डे आपल्या मोठमोठ्या कार्यक्रमांत हेच गाणं निवडायचे, गर्दीतून तीन पोरं वर बोलवायचे, गिटार, बास आणि ड्रम त्यांच्या हातात द्यायचे आणि त्यांनाच वाजवायला लावायचे. अनेकदा गिटारवाल्याला ती गिटार घरी न्यायला मिळायची. तुमच्याकडे तिघे जमले असतील तर एका दुपारी बसेल. ड्रमरला सांगा, किफमायरसारखा सरळ ठेका धर.